आधी सुमितची तपासणी

विज्ञानासमोर नर आणि मादी समान असतात. निदान उंदरांच्या बाबतीत तसा अनुभव आहे.

कर्जतच्या दीप्तीचा पीएचडीचा विषय होता, रंगाच्या कारखान्यात ड्रम धुवायच्या थिनरचा शुक्राणूंवर होणारा परिणाम. उंदरांनी विनातक्रार सहकार्य केलं. शेवटच्या प्रकरणाला माणसं हवी होती. खालापूरच्या एका कारखान्यातल्या ड्रमवाल्यांना तिने नमुन्यासाठी रीतसर विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि दुसऱ्या दिवसापासून ती दिसली की रस्ता बदलला.

त्यातलाच एक तिचा नवरा, सुमित. नवऱ्याचा नमुना प्रबंधात घ्यायचा नाही, असा नियम आहे. नवऱ्याचा स्वतःचा नियम त्याहून कडक होता.

लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. म्हणून दीप्तीच्या सगळ्या तपासण्या झाल्या. सगळ्या चांगल्या आल्या, म्हणून झाडपाल्याचं औषधही तिलाच सुरू झालं. सासूबाई, चंद्रभागा, म्हणायच्या, "नवसबिवस आपण छप्पन साली दीक्षा घेतली तवाच सोडले गं. पन पाल्याला काय धर्म आसतो?"

रविवारी चुलतसासरे कोंडीराम ठाकुरवाडीहून पाल्याची नवी पुडी घेऊन आले.

"घे पोरी. कडू हाय, पन गुण येतो."

"कुणाला?" दीप्तीने विचारलं.

"म्हंजे?"

"काका, माझे रिपोर्ट चांगले आहेत. आता तपासणी यांची."

"आमच्या घराण्यात आसला दोष नाय."

"तुमचं घराणं थिनरने ड्रम धुवायचं का?"

"हळू बोल गं, शेजारी ऐकतील," चंद्रभागा.

"ऐकू देत. त्यांच्यातही दोघं ड्रमवर आहेत."

"सुम्या, तू तरी बोल रं!" कोंडीराम म्हणाले.

"मी बातम्या बघतोय," सुमित म्हणाला. टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू होती.

दीप्तीने सकाळचा काढा मोरीत ओतला. "यांचा रिपोर्ट येईपर्यंत मुलाचा विषय कुणी काढायचा नाही. काढलात तर काढाल तिथे मी हेच सांगणार. याच आवाजात."

पुढच्या आठवड्यात कळंबला एका बारशात चंद्रभागांनी सवयीने विषय काढला. दीप्तीने सांगितलं. त्याच आवाजात. पाळणा हलवणारी हलवायची थांबली.

सोमवारी सुमित लॅबमध्ये गेला. शुक्राणू फारच कमी निघाले. थिनर सोडा, सुधारेल, असं डॉक्टर म्हणाले. चंद्रभागांनी पुडी कोंडीरामांच्या हातात ठेवली. "भावजी, ही न्या." मग दीप्ती स्वतः कारखान्यात जाऊन साहेबांशी तासभर भांडली.

सुमित आता पॅकिंगला आहे. ड्रम धुवायला कंपनीने कंत्राटावर विशीची पोरं घेतली आहेत.