नायगाराचा चावीवाला

मी चावी बोलतेय. लगेच खिसे चाचपू नका, तुमच्या कपाटाची नाही मी. मी पाण्याची चावी. साडेचार फूट उंची, अकरा किलो वजन, डोक्यावर आडवा दांडा आणि खाली चौकोनी तोंड. रस्त्यात ते लोखंडी झाकण असतं ना, ज्याच्यावर तुम्ही स्कूटर लावून निघून जाता आणि घरी पोचल्यावर नळाला पाणी नाही म्हणून बोंब मारता, त्याच झाकणाखाली चेंबरात व्हॉल्व्ह असतो. मला त्याच्या डोक्यावर बसवून फिरवलं की तुमच्याकडे पाणी. म्हणजे कित्येक वर्षं अर्ध्या घाटकोपरची आंघोळ माझ्या तोंडात होती. काही जणांची मी मुद्दाम चुकवली आहे. नावं सांगत नाही, त्यातले दोघे आता कडक इस्त्री करून फिरतात.

माझा जन्म साकीनाक्याला, एका पत्र्याच्या कारखान्यात. मिस्त्री माझ्या तोंडाचा चौकोन कापत होता आणि नेमकी त्याला शिंक आली. तेव्हापासून माझं तोंड एका बाजूला जरा सैल. नवख्या माणसाने हात लावला की मी सटकायचे आणि तो गडी स्वतःभोवती गिरकी घेऊन रस्त्यावर बसायचा. एका इंजिनीयर साहेबांनाही मी असं बसवलं आहे. मला काय, लोखंडाला मेमो देता येत नाही.

शिक्षण विचाराल तर अर्धवट. आमचा एक चेंबर पालिकेच्या शाळेच्या खिडकीखाली होता. पाण्याची वेळ आणि भूगोलाचा तास एकच. नद्या डोंगरात उगम पावतात इथपर्यंत मी आले आणि पालिकेने चेंबर रस्त्यापलीकडे हलवला. पुढे नद्यांचं काय होतं ते मला कुणी सांगितलंच नाही. मी आपली धरून चालले होते की त्या आमच्या चेंबरात येतात.

माझा माणूस भाऊराव. त्याला मी अरेतुरे करते, कारण चोवीस वर्षं त्याने माझे दोन्ही कान, म्हणजे दांड्याची टोकं, धरून मला फिरवलंय, एवढा हक्क माझा आहे. नोकरी चावीवाल्याची. एक पूर्ण वळसा म्हणजे एक आटा. बावीस आटे उघडले की टेकडीवरच्या शेवटच्या घरापर्यंत पाणी पोचायचं. पाणी आलं तर कुणी त्याचं नाव घ्यायचं नाही. नाही आलं तर सगळी टेकडी घ्यायची, आणि नावाच्या पुढे-मागे आणखी बरंच काही.

आता मुख्य गोष्ट नीट ऐका. आमचा एक चेंबर हद्दीवर होता. अर्धं झाकण घाटकोपरकडे, अर्धं साकीनाक्याकडे. तिकडचा चावीवाला राजेश. भाऊरावाने उघडलं की राजेश बंद करायचा, राजेशने उघडलं की भाऊराव. दोघंही आपापल्या ठिकाणी एकदम प्रामाणिक, त्यामुळे दोन्हीकडचे लोक तहानलेले. शेवटी एका सकाळी भाऊरावाने मला राजेशच्या हातात दिलं आणि म्हणाला, तू आमच्याकडचा पाहुणा, पहिला आटा तुझा. दुसऱ्या दिवशी राजेशने स्वतःची चावी भाऊरावाला दिली. भांडण मिटलं. तिथून रिवाजच पडला. कुठलाही परका चावीवाला आला की त्याला आधी पाहुण्याचा एक आटा द्यायचा, मग चहा. मुलुंडचा एक जण भाचीच्या साखरपुड्याला आला होता, तो सफारी सूट घालून चेंबरात वाकला आणि आपला आटा वसूल करून गेला.

भाऊराव रिटायर झाला तेव्हा मलाही भंगारात काढलं. त्याने लेखी अर्ज करून मला मागून घेतलं. तेव्हापासून घाटकोपरच्या पंतनगरात, त्याच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर मी दाराआड उभी. त्याची बायको मीरा मला कबुतरं हाकलायला वापरते. पाण्यावरून पाखरांवर आले, दुसरं काय.

गेल्या मार्चात कॅनडातून लेकीचा, संघमित्राचा, फोन आला. ती तिकडे नर्स आहे आणि नायगारा धबधबा तिच्या घरापासून तासाभरावर. म्हणाली, पप्पा, या उन्हाळ्यात तुम्ही आणि मम्मी या. मीरा तिथल्या तिथे नाही म्हणाली. तिचं म्हणणं असं की, उभा जन्म मी नळाखाली कळशी लावून पाणी पडताना बघत बसले, आता विमानात बसून तेच बघायला जाऊ काय.

भाऊरावालाही फार हौस नव्हती. पण बोलता बोलता संघमित्रा म्हणून गेली की हा धबधबा दोन देशांच्या हद्दीवर आहे, आणि उन्हाळ्यात रात्री दहानंतर त्याचं पाणी कमी करतात. दोघांचा करार आहे. दिवसा लोक बघायला येतात म्हणून जास्त सोडायचं, रात्री विजेसाठी वळवायचं.

भाऊरावाने टीव्ही बंद केला.

"कमी कोण करतं?"

"म्हणजे काय पप्पा, ते लोक करतात."

"ते लोक नाही गं. हात कुणाचा?"

ती म्हणाली, विचारून सांगते. भाऊराव दाराआड आला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी ओळखलं, आता या घराला शांतता नाही.

वरच्या मजल्यावर विद्याधर साहेब राहतात. बँकेतून रिटायर. चार वर्षांपूर्वी ते टूरबरोबर नायगाराला जाऊन आले, तेव्हापासून इमारतीत कुणाचा नळ गळत असला तरी ते नायगाराचीच आठवण काढतात. त्यांनी भाऊरावाची यथेच्छ चेष्टा केली. अहो, तो निसर्ग आहे, त्याला कुणी चावी लावत नाही, वगैरे. त्यांच्या पत्नी सुनंदाताई म्हणाल्या की ह्यांच्या चष्म्यावर तुषार बसले होते, ह्यांनी तिथे पांढऱ्या भिंतीशिवाय काही पाहिलेलं नाही.

मग भाऊरावाने विचारलं की तिकडे रात्रीचे दहा म्हणजे आपल्याकडे किती. साहेबांनी बोटं मोजली. सकाळचे साडेसात.

"साडेसातला तर आपल्याकडे पाणी येतं," भाऊराव म्हणाला.

सगळे स्वयंपाकघराच्या नळाकडे बघायला लागले. तिकडे बंद, इकडे चालू. बँकेत जन्म गेलेल्या माणसाला हा हिशेब खोडता येईना. मला विचाराल तर मला पटलंच. नद्यांचं पुढे काय होतं ते एकदाचं कळलं. दुसऱ्या दिवसापासून सुनंदाताई तुळशीला साडेसातच्या पाण्याचा पहिला तांब्या वेगळा काढून घालायला लागल्या आणि साहेब चूळ भरण्याआधी पाण्याचा वास घेऊ लागले.

तयारी सुरू झाली. चावीवाल्याला भेट काय न्यायची यावर आठ दिवस गेले. मीरा म्हणाली चिवडा. भाऊराव म्हणाला, चावीवाल्याला चावी. म्हणजे मी. मुलगा प्रितम विमा कंपनीत आहे, त्याने टेप घेऊन मला मोजलं आणि सांगितलं की एवढी लांब वस्तू बॅगेत मावणार नाही, मधून कापून दोन तुकडे करू, तिकडे वेल्डिंग करून घ्या. मी आयुष्यात पहिल्यांदा घाबरले. इतक्या लोकांना गिरक्या दिल्या त्याचं हे फळ की काय असं वाटलं. भाऊराव दोन दिवस करवत शोधत होता. करवत मीराने गादीखाली लपवली होती. मला कबुतरांसाठी ठेवायचं होतं तिला, प्रेमबीम काही नाही.

मग व्हिसा. प्रितमने फॉर्ममध्ये भेटीचं कारण पर्यटन असं लिहिलं. भाऊरावाला ते खोटं वाटलं. प्रितम ऑफिसला गेल्यावर त्याने विद्याधर साहेबांना बसवून स्वतंत्र अर्ज लिहवून घेतला आणि फॉर्मसोबत जोडून दिला. विषय: नायगारा येथील चेंबरास भेट देऊन पाहुण्याचा एक आटा फिरवू देणेबाबत. खाली खुलासा: फिरवलेला आटा निघताना उलटा फिरवून पाणी पूर्ववत करून देईन, तसेच त्या काळात कमी दाबाच्या तक्रारी आल्यास त्या माझ्यावर घ्याव्यात. साहेबांनी त्याचं इतकं कडक इंग्रजी केलं की वाचणाऱ्याला वाटावं, हा माणूस दोन देशांना नोटीस देतोय.

नकार आला. भेटीचा उद्देश समजला नाही आणि अर्जदार परत जाईल याची खात्री वाटत नाही, असं कारण.

प्रितम संतापला. भाऊराव दोन दिवस जेवला तेवढ्यापुरता. तिसऱ्या दिवशी मीरा त्याला म्हणाली की पाणी बघायचं तर पवईच्या तलावावर जाऊन या, इथून रिक्षा जाते. तेव्हा तो बोलला.

"पाणी कुठे बघायचंय मला. चोवीस वर्षं शिव्या खाल्ल्या मीरा. जगात एक चावीवाला असा आहे की त्याने सोडलेलं पाणी बघायला लोक तिकीट काढून येतात, टाळ्या वाजवतात. त्या माणसाच्या बाजूला एकदा उभं राहायचं होतं."

मीरा उठून आत गेली. संध्याकाळी तिने प्रितमला सांगितलं, परत अर्ज कर.

या वेळी प्रितमने एकच प्रश्न धरला. परत याल याचा पुरावा काय? लोक घर दाखवतात, पण फ्लॅट प्रितमच्या नावावर. बायको इकडेच राहणार हा पुरावा भाऊरावाने सुचवला. प्रितमच्या मते नवरे त्याच कारणासाठी परत येत नाहीत. मीराने त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग भाऊराव दाराआडून मला घेऊन आला आणि टेबलावर आडवी ठेवली.

"हिला ठेवून जातो," तो म्हणाला. "हिला ठेवून मी कधी कुठे राहिलोय?"

खरं होतं. गावी लग्नाला गेला तरी दुसऱ्या दिवशी परत यायचा, पाण्याची वेळ म्हणून. झालं, मी भेटवस्तू होते ती पुरावा झाले. स्टेशनाजवळच्या फोटो स्टुडिओत मला नेलं. पांढऱ्या पडद्यापुढे उभं केलं. फोटोग्राफरने सवयीने सांगितलं, दोन्ही कान दिसू द्या. माझा दांडा दोन्ही बाजूंना चांगला हातभर, इतके स्पष्ट कान त्याने आयुष्यात पाहिले नसतील. फोटोखाली प्रितमने लिहिलं: अर्जदाराची चावी, अर्जदाराच्या घरी. अर्जदार हिच्याशिवाय राहू शकत नाही.

व्हिसा आला. आता तो माझ्या फोटोमुळे आला की प्रितमने गुपचूप वडिलांचा तो आट्याचा अर्ज काढून टाकला म्हणून, या वादात मी पडत नाही. फोटो माझाच होता एवढं सांगते.

जुलैत भाऊराव कॅनडाला गेला. चौथ्या दिवशी सकाळी सातला संघमित्राचा व्हिडिओ कॉल आला. मीराने फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला आणि, का कोण जाणे, मलाही ओढून टेबलाशी उभं केलं. विद्याधर साहेब नाइट ड्रेसवरच खाली आले. फोनमध्ये भाऊराव कठड्याशी, अंगात प्लास्टिकचा कागद, मागे रंगीत दिवे आणि पाण्याचा लोट. संघमित्राने सांगितलं की सकाळपासून तीन ठिकाणी विचारलं. चावीवाला असा एक माणूस नाही, दरवाजे आहेत, कॉम्प्युटरवर चालतात, आणि बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. पप्पांना सांगितलं, तर म्हणतात दहा वाजू दे.

साडेसात वाजले. आमच्या नळातून हवा सुटली आणि पाणी आलं. मीराने ते बंद केलं, आवाज नको म्हणून. तिकडे भाऊराव डोळे मिटून उभा. पाच मिनिटं झाली, वीस झाली. साहेबांचा चहा गार झाला. लोक त्याच्या बाजूने फोटो काढत होते, हसत होते, कुणाचंच लक्ष नव्हतं.

तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. पाणी उघडणं कुणालाही येतं. बंद करणं कठीण. कंटाळलेला माणूस झटक्यात बंद करतो, मग पाइप धडधडतात, सांधे फुटतात. चांगला माणूस चौथाई चौथाई आट्याने उतरवतो, कुणाला कळतसुद्धा नाही.

आठ वाजून गेले तेव्हा भाऊरावाने डोळे उघडले.

"उतरवलं," तो म्हणाला. "मीरा, ऐकलंस? एक झटका नाही दिला. कॉम्प्युटर असू दे, त्याच्यामागे बसलेला माणूस चांगला आहे."

मीराने काहीच ऐकलं नव्हतं. ती हो म्हणाली.

मग भाऊरावाने दोन्ही हात हवेत पसरले, माझे कान धरावेत तसे, आणि सावकाश एक पूर्ण वळसा घेतला. तिकडचे लोक बाजूला झाले. एका आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या, त्यांना तो नाच वाटला असणार. विद्याधर साहेब चष्मा काढून पुसायला लागले. आमच्या स्वयंपाकघरात तुषार नव्हते, हे मी त्यांना सांगू शकले नाही.

निघताना भाऊरावाने तिथल्या पहारेकऱ्याला निरोप दिला, संघमित्राने तो इंग्रजीत करून सांगितला. तुमच्या चावीवाल्याला सांगा, घाटकोपरला या. एक आटा तुमचा आणि मग चहा. पहारेकऱ्याने तो म्हणे वहीत लिहून घेतला.

भाऊराव सप्टेंबरात परत येईल. तोवर मी टेबलाशीच उभी आहे, मीराने मला दाराआड परत ठेवलेलं नाही. माझ्या तोंडाला तेल लावलंय, सैल बाजूला पट्टी ठोकून घेतलीय. तुमच्याकडे एकच मागणं आहे. घाटकोपरला मेट्रोच्या जिन्याखाली एखादा परदेशी माणूस कुणाचा तरी पत्ता विचारत उभा दिसला, तर त्याच्या तळहाताकडे बघा. घट्टे असले तर ठीक, नसले तर कॉम्प्युटरवाला असेल, तोही चालेल. त्याला पंतनगरला पाठवून द्या. आणि सकाळी साडेसातच्या आत पाठवा. मी त्याला सटकवणार नाही, शब्द देते. फार तर एकदा.