हळू नका

इस्पितळातल्या टेबलावर पालथं पडल्यावर त्याला ताईचं पत्र आठवलं. चार वर्षांपूर्वी आलेलं. त्यात एकच प्रश्न होता, तू माझ्यावर रागावला आहेस का? तो रागावलेला नव्हता. पण जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाला स्वतःचं वाक्य कधी पसंत पडत नाही. नुसतं 'नाही' कोरडं वाटे, 'मुळीच नाही' संशयास्पद. अकरा मसुदे झाले, उत्तर काही गेलं नाही.

फुफ्फुसातल्या गाठीचा तुकडा सुईने काढायचा होता. संमतिपत्रातल्या धोक्यांपेक्षा त्यातल्या सहा चुकांनीच तो हादरला होता. "तिथे तरी तोंड आवरा," बायकोने बजावलं होतं. डॉक्टरांनीही सांगितलं होतं, बोलायचं नाही, खोकायचं नाही.

सुई आत गेली. समोर भिंतीवर पाटी होती : सुई आत असताना हळू नका.

त्याने शक्य तितकं सोसलं.

"'ळ' नाही, 'ल'," तो म्हणाला, आणि त्याला ठसका लागला.

पुढच्या मिनिटात उजवा हात ओंडका झाला. जीभ हलेना. हजारांत एखाद्याला होतं, असं डॉक्टर बायकोला घाईघाईने सांगत होते : सुईवाटे हवा रक्तात शिरली, बुडबुडा मेंदूत गेला. त्याला उताणं केलं, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढवला आणि एका लोखंडी नळकांड्यासारख्या खोलीत सरकवलं. आत हवेचा दाब वाढवला की बुडबुडा आक्रसतो म्हणे.

आत पडल्या पडल्या तो ताईला उत्तर जुळवू लागला. अकराही मसुदे पाठ होते, पण साधं 'नाही' तोंडातून फुटेना. आता हे असंच राहणार, या विचाराने त्याच्या डोळ्यांना धार लागली.

गोल काचेपाशी बायको आली. हा माणूस गप्प बसावा म्हणून तिने चाळीस वर्षं वाट पाहिली होती. आता तिने आत बोलायचा फोन उचलला.

"घाबरू नका हो. हवेची बुडबुडा आहे नुसती."

दाबाचा काटा चढत गेला. मग आतून खरखरीत आवाज आला.

"हवेचा."

डॉक्टर हसले. बायको फोन कानाशी धरून रडत राहिली.

गाठ साधीच निघाली. घरी आल्यावर त्याने अजून जड असलेल्या उजव्या हाताने कार्ड लिहिलं : 'ताई, नाही. भेटायला येतो.' अक्षरं ओळ सोडून उतरणीला लागली होती, 'भेटायला'तला एक काना राहिला होता. नीट लिहून देऊ का, बायकोने विचारलं.

"राहू दे."

तो स्वतःच टपालपेटीपर्यंत चालत गेला. बोटं लवकर सुटेनात. मग कार्ड आत पडलं.