विजयमालाबाईंचं वाक्य

योगिनी मोहितेचा ब्लॉग अकरा वर्षं बंद होता. प्रकाशनात नोकरी लागली तेव्हा तिला वाटलं होतं, पुस्तकांतच राहायचं म्हणजे लिहायला हुरूप येईल. झालं उलटंच. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं नीट करून घरी आलं, की स्वतःचं लिहिताना हात आधी खोडायलाच धावायचा. ब्लॉग मागे पडला तो पडलाच.

गेल्या वर्षी तिचे बाबा वारले. यंदा जूनमधल्या एका रविवारी दुपारी कारेलीबागच्या घरात तिने जुना पासवर्ड कसाबसा आठवला आणि बाबांवर लिहायला बसली. टोपणनावानेच लिहायची ती, ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता. दोन तास अडखळली. मग शेवटाकडे एक वाक्य असं सरळ उतरलं, की ती खूश होऊन चहा टाकायला उठली: ‘बाबा गेले आणि आम्ही टीव्हीचा आवाज कमी केला. घर ऐकू यायला लागलं, तेव्हा कळलं की ते रिकामं आहे.’

जुने वाचक परत आले. त्या वाक्यावर तर चाळीसेक जणांनी लिहिलं. पुण्याहून धाकट्या बहिणीचा, संयोगिताचा फोन आला.

“छान लिहिलंयस गं. पण ताई, बाबांना ऐकू तर चांगलं यायचं. आपल्याकडे टीव्ही कधी मोठ्याने लागायचा?”

“लिहिताना होतं थोडं इकडचं तिकडे,” योगिनी जरा चिडूनच म्हणाली.

ऑगस्टमध्ये एक दिवस देवश्रीने तिला हाक मारली. देवश्री प्रुफं बघायची. दोघींची टेबलं दहा वर्षं शेजारी. मागच्या वर्षी एका प्रवासवर्णनातली पानंच्या पानं कुठल्याशा वेबसाइटवरून उचललेली निघाली होती, तेव्हापासून एखादं वाक्य फारच छान वाटलं की देवश्री ते इंटरनेटवर शोधून बघायची.

“विजयमालाबाईंचं हे ऐक. ‘अप्पा गेले आणि आम्ही रेडिओचा आवाज कमी केला. घर ऐकू यायला लागलं, तेव्हा कळलं की ते रिकामं आहे.’ आणि आता हा ब्लॉग बघ. जूनचा आहे. आपल्याकडे बाईंची टाइप केलेली फाइल आली जुलैत. अप्पांचे बाबा आणि रेडिओचा टीव्ही, तेवढंच वेगळं.”

योगिनीने पडद्यावरचं वाक्य पुन्हा वाचलं. विजयमाला माने, शहरातच हरणीला राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका; त्यांच्या आठवणींचं पुस्तक प्रकाशनाने छापायला घेतलं होतं. त्यांच्या वडिलांना, अप्पांना, गिरणीतल्या यंत्रांनी बहिरं केलं होतं, म्हणून घरात रेडिओ कायम मोठ्याने. हे सगळं तिने मार्चमध्ये बाईंच्या हातच्या वहीत वाचलं होतं. ऑफिसात ती वही फक्त तिनेच वाचली होती. त्या वाक्याशेजारी समासात पेन्सिलीने बरोबरची खूणही तिनेच केली होती. आणि टाइप झाल्यावर फाइलबरोबर परत आलेली वही या क्षणी तिच्याच कपाटात होती.

एवढं बोलून टाकलं असतं तर तिथल्या तिथे मिटलं असतं. पण तेवढ्यात मालक, मानसिंगराव, आतून आले. देवश्रीने त्यांना दाखवलं.

“बाईंनी मुद्दाम केलं नसणार,” ते म्हणाले. “वांधो नाही, बिघडलं नाही काही. योगिनी, तूच फोन कर. तुझ्याशी त्या मोकळं बोलतात. हळुवार सांग, दुखवू नकोस.”

आणि योगिनीने फोन केला. करताना आपला आवाज किती समजूतदार येतोय, हे तिचं तिलाच ऐकू येत होतं.

बाईंनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचून दाखवायला सांगितलं. मग बाई म्हणाल्या, “मला तर ते माझंच वाटत होतं हो. पण जूनमध्ये मी पुष्कळ भर घातली. नात मोबाइलवर काय काय वाचून दाखवत असते. त्यातलंच डोक्यात राहिलं असेल. वय झालं. काढून टाका. आणि मानसिंगरावांना सांगा, मला फार लाज वाटली.”

“बरं,” योगिनी म्हणाली. तिने फाइल उघडली आणि ते वाक्य स्वतःच्या हाताने पुसलं.

चार दिवसांनी शेवटच्या प्रुफांवर सही घ्यायला ती हरणीला गेली. बाईंनी दार उघडलं, सरबत दिलं, आणि आपल्याकडची प्रत तिच्यापुढे ठेवली. पानापानावर लाल रेघा होत्या.

“एवढी वाक्यं काढा. सत्तावीस आहेत.”

“का, बाई?”

“मला आता खात्री वाटत नाही. जे जे बरं जमलंय असं वाटलं, ते ते कुणाचं तरी असेल. हे आईच्या पोळपाटाचं बघा. हे मी बघितलंय की कुठे वाचलंय? चार दिवस झोप नाही मला. उगाच कुणाचं उचलल्यासारखं नको.”

योगिनीने ती पानं चाळली. पुस्तकातला सगळा जीव त्या लाल रेघांवर होता. जे साधं, कुणीही लिहिलं असतं, तेवढंच बाईंनी स्वतःचं म्हणून ठेवलं होतं.

“बाई, तो ब्लॉग माझा आहे.”

बाईंना आधी कळलंच नाही. मग योगिनीने सगळं सांगितलं: वही, मार्च महिना, रविवारची दुपार. “लिहिताना खरंच मला माझंच वाटलं होतं,” असं ती म्हणाली, आणि त्याच दमात, “पण तुम्हाला फोन केला तेव्हा माहीत होतं,” हेही.

विजयमालाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

“तुमचे वडील बहिरे होते?”

“नाही.”

“मग तुम्हाला कशाला हवं होतं ते?” बाई रागावल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच विचारायचं होतं. योगिनी लाल रेघांची पानं सारखी करत राहिली.

“माझी वही आणून द्या,” त्या म्हणाल्या. “आणि पुढचं देवश्रीबेनना बघू दे.” सरबताचा भरलेला पेला त्यांनी उचलून आत नेला.

योगिनी तिथून थेट ऑफिसात गेली आणि देवश्रीच्या समोरच मानसिंगरावांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “त्या दिवशी मी तुलाच फोन करायला सांगितलं गं.”  देवश्रीने फाइल उघडली आणि वाक्य परत घातलं. वही पोचवायलाही तीच गेली. लाल रेघांवर बाईंबरोबर बसून तिने सत्तावीस वाक्यांपैकी एकेक परत मिळवलं. तीन मात्र बाईंनी शेवटपर्यंत घेऊ दिली नाहीत.

नोकरी राहिली. योगिनीने ब्लॉगवरची ती नोंद काढली नाही. वरती लिहिलं, की यातलं शेवटचं वाक्य विजयमाला माने यांचं आहे, मी ते त्यांच्या अप्रकाशित वहीतून घेतलं, आणि त्यांच्यावर आळ आला तेव्हा गप्प बसले. खाली स्वतःचं खरं नाव घातलं.

तासाभरात पहिला प्रतिसाद आला: ‘केवढा हा प्रांजळपणा! सलाम.’ मागोमाग आणखी तसेच चार-पाच. हरणीच्या त्या बैठकीच्या खोलीतही वाटली नव्हती इतकी लाज तिला ते वाचताना वाटली. कबुलीचीही वाहवाच पदरात पडत होती. तिने प्रतिसाद बंद केले, बाबांचं नाव असलेला मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला, आणि जे जे त्यांचं नव्हतं, ते खोडत गेली.