टिकणाऱ्यांची सरासरी

बशीतला बर्फाचा खडा अर्धा विरघळला होता, आणि गौरवीचे वडील, बाबली, तो जिभेवर ठेवण्याआधी त्याच्याकडे बघत होते — डॉक्टरांनी मोजून दिलेल्या आजच्या पाण्यातलं एवढंच उरलेलं... गौरवीने नजर लॅपटॉपकडे वळवली. वडिलांची तहान तिला बघवत नसे.

ज्या डायलिसिस कंपनीच्या म्हापशाच्या केंद्रात ते आठवड्यातून तीनदा जात, त्याच कंपनीत तिची नोकरी. पेडण्यात घरी बसून आकडेमोड करायची. एक रुग्ण किती महिने टिकतो, तेवढ्या काळात कंपनीला किती पैसे देऊन जातो, याचा अंदाज. आधीच्या नोकरीत हेच काम मोबाइलवर सिनेमे पाहणाऱ्यांसाठी होतं. तिथे माणूस कंटाळून सोडून जायचा. आलेखाची रेघ इथेही तशीच उतरत होती — आधी धाडकन, मग सावकाश...

सकाळी फोनवर साहेब, कृष्णनाथ, म्हणाले होते, "का गेले ते नको, किती टिकले ते सांग. जो गट लवकर गळतो, त्याची गाडी बंद करू." रुग्णांना घरून नेणारी फुकट गाडी. बाबलींची गाडी.

तिने गट निवडला : बाबलींसारखे, सत्तरीपुढचे, मधुमेह असलेले. उत्तर आलं — सरासरी आणखी चौदा महिने.

आणि ते वाचताच छातीत काहीतरी सैल झालं. हलकं, मोकळं, जवळजवळ सुखाचं. पथ्याचं रांधण, सुजलेले पाय चेपणं, पुण्याची नाकारलेली नोकरी, लग्नाला थांबून थांबून निघून गेलेला तो... चौदा महिने, मग मी सुटेन. हे मीच म्हटलं? माझ्याच आतून आलं?

"गो," बाबली म्हणाले, "काजूंची नवी रोपां हाडूया. तीन वर्सांनी बियो धरतल्यो. तुका बरें."

"हाडूया बाबा." आणूया म्हणाली खरी, पण काजू लागायला तीन वर्षं.

तिने चौदाचे तीस केले आणि घाईघाईने अंदाज साहेबांना पाठवून दिला. गाडी बहुधा राहील. पण मन निवेना. उलट तो तीसचा आकडाच अंगावर येऊ लागला. बाबली कुंपणाचं, खताचं बोलत होते, आवाजात कधी नव्हे ती उभारी होती, ती मान डोलवत होती — आणि ते खरंच टिकले तर... या विचारापाशी ती अडली. तो पुरा करवेना, सोडवेना.