थोरल्याच्या वाट्याचा शब्दकोश

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. खोटं कशाला बोलू, सगळा नाही. अर्ध्याहून थोडा जास्त उरलोय.

आसगावच्या गोमाजींनी मला भंडाऱ्याहून आणलं ते दोन नातींसाठी. थोरल्या देवाजीची रुखमिणी आणि धाकट्या तेजरामची सुलोचना. दोघी मला मध्ये ठेवून मॅट्रिकचा अभ्यास करत. 'पार्ट' हा शब्द त्यांचा भारी लाडका. वाटा, केसांतला भांग, नाटकातलं काम, एकमेकांचा निरोप घेणं. एवढ्याशा शब्दाच्या पोटात केवढं काय काय! रुखमिणीचा भांग पाडताना सुलोचना म्हणायची, "हा बी पार्टच हाये वं!"

सत्याहत्तर साली गोमाजी वारले. तेरवी आटोपली आणि भाऊ वेगळे निघाले. धानाच्या बांध्या, भांडी, पाट, सगळं वाटून झालं. शेवटी मी उरलो.

"पोरी एकाच पुस्तकात वाचतेत रे, नोका फाडू!" म्हातारी मनकर्णाबाई लेकांना विनवत होती.

"काहून? माह्या पोरीले हिस्सा नाही का?" तेजराम इरेला पेटला होता.

देवाजीनं विळ्यानं माझी पाठ चिरली. थोरल्याचा वाटा मोठा, म्हणून 'पार्ट'पर्यंतची पानं त्याच्याकडे आली. माझ्या शेवटच्या ओळीत 'वाटा' एवढा एकच अर्थ राहिला. बाकीचे पुढच्या पानासोबत गेले. शब्दांचे अर्थ सांगण्यात माझा जन्म गेला, पण त्या दोन शहाण्यांपुढे मी हात टेकले.

परीक्षा दोन महिन्यांवर होती. देवाजीनं पोरीला बजावलं, "नापास झाली त उन्हाळ्यात लगन लावून देईन." रुखमिणी अडलेला शब्द दोन घरांमधल्या नव्या कुडाच्या भिंतीशी हळूच विचारायची, सुलोचना पलीकडून अर्थ सांगायची. एक दिवस तेजरामनं ऐकलं. आपल्या वाट्याचे अर्थ थोरल्याच्या घरात जातात म्हणून चिडून त्यानं माझा दुसरा भाग चुलीत घातला. तो धूर इकडेही आला.

दोघी इंग्रजीत नापास झाल्या. वैशाखात रुखमिणीची पाठवणी झाली. निघताना ती भिंतीशी वाकली. "सुले, जातो वं मी." पलीकडे कोंडलेल्या सुलोचनाचा नुसता हुंदका ऐकू आला. पुढच्या वैशाखात तीही सासरी गेली.

आणि भाऊ? दुसऱ्याच दिवाळीला एका पंगतीत जेवले. "झालं गेलं विसरू," म्हणाले आणि हसले. मला त्या हसण्याचा फार राग आला.

मित्रांनो, मोठ्यांची भांडणं मिटतात. तेवढ्यात पोरींचं शिकणं संपतं. म्हणून विनवतो, वाटे खुशाल करा; पण आधी पोरींची परीक्षा होऊ द्या.