सांफोवरचा भात

जर्मनीतल्या बॉबलिंगेनमध्ये सात वर्षं केरवोखे, म्हणजे शेजाऱ्यांबरोबर पाळीपाळीनं जिना पुसण्याचा आठवडा, पाळला की डाग दिसताच हात आपोआप फडक्याकडे जातो. त्या रविवारी त्याच हातानं मी घात केला.

खालच्या मजल्यावरचे सोवान आजोबा कंबोडियाचे. त्यांच्या विहारात एकोणीस वर्षं सणाला भिक्खूंचं स्वागत स्पीकरवरच्या संगीतानं होत होतं, कारण वाजवणारे पुरेसे नव्हते. यंदा कुठून कुठून वादक जमले होते. आजोबा सांफो वाजवणार होते. हा आडवा, दुतोंडी ढोल. याच्या इशाऱ्यावर बाकीची वाद्यं चालतात. तो माझ्या गाडीतून आला. आजोबा कपडे बदलायला गेले आणि मी वरचं कापड सोडलं, तर ढोलाला काळपट भात चिकटलेला. कुणाचा तरी डबा सांडला असणार, म्हणून मी ओल्या वाइप्सनी तो चकाचक केला.

आजोबांनी येऊन थाप मारली. नुसतं टण्ण वाजलं. त्यांचा चेहरा पडला. मीच पुसल्याचं सांगितलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साडेदहा वाजले होते. भिक्खू बारानंतर जेवत नाहीत, त्यामुळे थांबणं शक्य नव्हतं.

"बरं, मग स्पीकरच लावू," आजोबा हळूच म्हणाले.

पुण्याहून आलेले माझे सासरे, अण्णा, पखवाज वाजवतात. त्यांनी वाकून ढोल पाहिला. "कुमुदिनी, ते खरकटं नव्हतं गं. आपण पखवाजाला कणीक लावतो, तसं काहीतरी असणार. विचार त्यांना, कशाचं करतात."

"अहो अण्णा, कुठल्या तोंडानं विचारू?"

"याच. दुसरं आहे का?"

विचारलं. भात आणि राख. भात स्वयंपाकघरात तयारच होता, राख उदबत्त्यांच्या भांड्यात. बाह्या सारून मी दोन्ही मळलं. आजोबा थोडं लावत, थाप मारत, थोडं काढत. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. अखेर भरदार धुम् उमटला आणि दोघा म्हाताऱ्यांनी एकदमच मान डोलावली.

सांफोत गुरू असतो म्हणे. वाजवण्याआधी आजोबांनी त्याला हात जोडले. मीही जोडले, जरा जास्तच वेळ.

भिक्खू आले, सांफो बोलला, लाकडी पट्ट्यांची वाद्यं आणि घंटा त्याच्यामागे निघाल्या. आजोबा वाजवताना रडत होते आणि हसतही होते. मला फार फार बरं वाटलं.

सगळं आटोपल्यावर त्यांनी ढोल माझ्यापुढे सरकवला.

"वाइप्स आहेत ना? भात तसाच राहिला तर कातडं खराब होतं. आल्झो, तर मग, पुसायचं ते आता, वाजवून झाल्यावर. पुढच्या वर्षीही तुम्हीच."