माझ्या पोटातल्या झोपेच्या गोळ्या

मित्रांनो, चंची म्हणजे काय हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल, देव जाणे! मी एक जुनी चंची आहे. कापडाची, कप्प्याकप्प्यांची, गुंडाळून दोरीने बांधायची पिशवी. बायका मला कमरेला खोचतात आणि माझ्या पोटात पान, सुपारी, कात, चुना ठेवतात. कुरवंडे गावच्या नंदाबाईच्या आईने मला खणाच्या तुकड्यांतून शिवले आणि लेक सासरी निघाली तेव्हा तिच्या ओटीत घातले.

काय मान होता माझा! भाताच्या लावणीत बायका कंबर सरळ करायला बांधावर आल्या, की आधी माझी दोरी सुटायची. आमच्याकडची रीतच तशी. चंची उघडली म्हणजे ती भोवतीच्या सगळ्यांपुढे धरायची, मागेल तिला द्यायचे. "नंदे, तुज्या चंचीचं पान लय रंगतं गं," असे शेजारची आक्काबाई म्हणाली, की मी फुगून टम्म व्हायचे.

पुढे नंदाबाईचे यजमान वारले आणि तिची झोपच उडाली. डॉक्टरांनी थोड्या दिवसांपुरत्या झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. दिवस संपले, पण गोळ्या काही संपेनात. जुनी चिठ्ठी दाखवून ती दुकानातून आणतच राहिली. वर्षे गेली. आणि त्या ठेवायच्या कुठे? तर माझ्या पोटात, सुपारीच्या शेजारी! अस्सा राग आला होता मला!

बरे, रीत तर अंगवळणी पडलेली. पानाबरोबर गोळीही फिरू लागली. आक्काबाईला झोप येत नाही, घे एक. कुणाचे डोके दुखते, घे अर्धी. नंदाबाईच्या मनात काळेबेरे काही नव्हते, तिला ती सुपारीसारखीच वाटायची. नात प्रतीक्षा बारावीत गेली आणि अभ्यासाच्या काळजीने तळमळू लागली, तेव्हा आजीने तिलाही मायेने अर्धी गोळी दिली.

झाले! आजी अंघोळीला गेली, की प्रतीक्षा खुंटीवरच्या माझ्यात हळूच बोटे घालू लागली. मी ओरडणार तरी कशी? शेवटी सहामाही परीक्षेत पोरगी उत्तरपत्रिकेवर डोके टेकून ढाराढूर झोपली. बाईंनी घरच्यांना बोलावून घेतले, तेव्हा कुठे सारे बाहेर आले.

"आजी, आता गोळीशिवाय मला झोपच लागत नाही," प्रतीक्षा रडत म्हणाली.

नंदाबाईच्या पायाखालची जमीन सरकली. "आजपास्नं बंद म्हंजी बंद!"

"आणि तू?"

आजीने मला कमरेवरून काढून माझी दोरी सोडली. मग तिने माझा कप्पा सुनेच्या, सारिकाच्या, हातावर रिकामा केला. "मी बी बंद!"

पण ते इतके सोपे नव्हते. दोनच दिवसांत नंदाबाईचे हात थरथरू लागले, अंगाला दरदरून घाम सुटला. सारिका घाबरली आणि दोघींना घेऊन लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. मीही कमरेला होतेच.

"मावशी, इतक्या वर्षांची गोळी एकदम तोडायची नसते, जिवावर बेततं," बाई म्हणाल्या. "मी सांगते तशी हळूहळू कमी करू. हिला मात्र वेळेवर आणलंत. या वयात लागलेली सवय मोठेपणी मानगुटीवर बसू शकते."

प्रतीक्षा लवकर सुटली. आजीची मात्र कसोटी लागली. गोळ्या सारिकाच्या कुलपात. डॉक्टरांनी सांगितली तेवढीच मिळायची, आणि तीही कमी कमी होत चाललेली. एकदा नंदाबाईचा धीर सुटला. "सारे, एक जास्त दे गं. आजच्या दिस फकस्त."

"दे गं आई," प्रतीक्षा म्हणाली. "आजीनं घेतली की मीही घेईन."

"गप बस, भवाने!" नंदाबाई कडाडली. मग सुनेला म्हणाली, "ठिव ती कुलपात. ठिव म्हन्ते ना!" माझा ऊर अभिमानाने भरून आला.

थंडी सरता सरता गोळीचा शेवटचा तुकडाही बंद झाला. महाशिवरात्र आली. नागफणीच्या डोंगरावर महादेवाची जत्रा! गोळ्यांच्या गुंगीमुळे नंदाबाई कित्येक वर्षांत वर गेली नव्हती. प्रतीक्षाची बोर्डाची परीक्षा तोंडावर होती, तरी ती आजीचा हात धरून निघाली. काय सांगू, म्हातारी वाटेत एकदासुद्धा बसली नाही! वर पोचली, महादेवापुढे माथा टेकला, आजी-नातीने खिचडी खाल्ली आणि देवळाच्या सावलीत जरा टेकल्या.

टेकल्या त्या टेकल्याच! भर दुपारी, घंटा आणि पिपाण्यांच्या गोंगाटात दोघींना गाढ झोप लागली. आक्काबाईने ते पाहिले आणि हसत सुटली. "आगं बया! भर जत्रंत घोरत्यात ह्या!"

नंदाबाईने एक डोळा उघडला. "घोरू दे गं आक्के! ही झोप माजी हाय, चिठ्ठीवर लिवून आनल्याली न्हाई!" आणि कूस बदलून ती पुन्हा झोपली.

मित्रांनो, कुणी कितीही मायेने दिली, तरी दुसऱ्याची गोळी तोंडात टाकू नका. घरातल्या कुणाला तिची सवय लागली असेल, तर रागावू नका आणि लपवूही नका. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन चला. गेलेली झोप परत येते बरं का! तिचे घोरणे मी या कानांनी ऐकले आहे.